आधी भरायचं झाकण, मग सोडायचं ऑइल!

तुमच्या बाइकच्या पोटाखाली एक नट आहे. रोज कॉलेजला जाता-येता तो रस्त्यापासून वीतभर अंतरावरून धावतो, चिखल खातो, स्पीडब्रेकर सोसतो, आणि इंजिनातलं सगळं ऑइल एकटा धरून ठेवतो. हाच ड्रेन प्लग. गॅरेजच्या भाषेत 'ऑइलचा नट', आणि कारखाली असेल तर 'चेंबरचा नट'. (खरं तर तो बोल्ट, पण गॅरेजमध्ये सगळेच नट असतात, वाद घालू नका.)

हल्ली हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी एक सीन हमखास दिसतो. कोणीतरी व्हिडिओ बघून ठरवलेलं असतं की यावेळी ऑइल आपणच बदलायचं. आयडिया झकास आहे. मजुरी वाचते, गाडी कळते, आणि 'कुठलं ऑइल टाकलं असेल' ही शंका राहत नाही. फक्त घोळ होतो तो पहिल्याच मिनिटाला. शेजारच्या रूममधून आणलेला स्क्रू पाना नटावर बसवायचा, जोर लावायचा, 'खट्' आवाज येतो, आणि नटाचे कोपरे गोल. आता तो नट तुमच्या हातून निघत नाही आणि साध्या पान्याने मेकॅनिकच्याही हातून निघत नाही. सेकंडहँड बाइकसाठी 'कमवा आणि शिका'चे पैसे साठवले असतील, तर हा 'खट्' महागात पडतो.

म्हणून आज ऑइल कुठलं भरायचं, यावर आपण बोलणारच नाही. बोलणार आहोत फक्त पान्यांवर. कुठल्या प्लगला कुठला पाना, आणि का.

नियम नंबर एक : भरायचं झाकण आधी उघडा

गाडीला ऑइल बाहेर काढायचा जसा एक रस्ता असतो, तसा आत भरायचाही असतो. त्याला फिलर प्लग म्हणा, फिलर कॅप म्हणा. जुना, शहाणा मेकॅनिक आधी हा वरचा प्लग सैल करून बघतो, मगच खालच्या नटाला हात लावतो.

कारण साधं आहे. समजा तुम्ही खालचा नट काढला, जुनं ऑइल तसराळ्यात सोडलं, नट परत लावला, आणि वरचं झाकण उघडेचना! आता इंजिन किंवा गिअरबॉक्स कोरडाठाक, नवीन ऑइल हातात, आणि ओतायला जागा नाही. गाडी चालू करून गॅरेजपर्यंत न्यायचीही सोय नाही, कारण ऑइलशिवाय इंजिन चालवणं म्हणजे ते जाम करायलाच निघणं. उलट, भरायचं झाकण आधीच अडकलेलं सापडलं तर काहीच बिघडत नाही. जुनं का होईना, ऑइल आत आहे. गाडी चालवत जा, मेकॅनिककडून झाकण सोडवून घ्या, मग पुढचं.

बाइकच्या इंजिनाची फिलर कॅप बहुतेक वेळा हातानेच उघडते. ती प्लॅस्टिकची असेल तर तिला पकड लावू नका; कडा तुटतात. घट्ट बसली असेल तर रबरी हातमोजा किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून फिरवा. खरा त्रास कारच्या गिअरबॉक्सचा आणि जीपसारख्या गाड्यांच्या मागच्या डिफरन्शियलचा. तिथले फिलर प्लग वर्षानुवर्षं कोणी उघडलेले नसतात. अशा ठिकाणी 'आधी वरचा, मग खालचा' हा नियम पाठच करून टाका.

डोकं बघा, मग पाना निवडा

गाडीखाली टॉर्च मारा. प्लगच्या डोक्यावर चिखल असेल तर आधी ब्रश आणि चिंधीने साफ करा. मग दिसेल ते साधारण या चारपैकी एक असेल.

पहिला प्रकार बाहेरून षटकोनी डोक्याचा. सगळ्यात कॉमन. बाइक, स्कूटर आणि बहुतेक जपानी-कोरियन वळणाच्या कारला हाच असतो. डोक्याची मापं बहुधा १२, १४, १७ किंवा १९ मिलिमीटर. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना १४, होंडा आणि ह्युंदाईच्या कारना बहुतेक वेळा १७.

दुसरा, आत षटकोनी खळगा असलेला. याला लागते ॲलन की. हार्डवेअरच्या दुकानात पाटीवर 'एलएन की' लिहिलेलं दिसेल, तीच ही. नाव अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या ॲलन कंपनीवरून पडलं, आपल्याकडे येऊन त्याची दोन इंग्रजी अक्षरं झाली! फोक्सवॅगन घराण्यातल्या कित्येक मॅन्युअल गिअरबॉक्सना तर १७ मिलिमीटरची अवाढव्य ॲलन की लागते. ती तुमच्या सायकलच्या किटमध्ये नसतेच. आधी ती मिळवा, मग गाडीखाली शिरा.

तिसरा, आत सहा पाकळ्यांचं फूल असल्यासारखा खळगा. हा टॉर्क्स. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या कॅमकार कंपनीने तो आणला. टॉर्क्स आणि टॉर्क यात गोंधळू नका: टॉर्क्स म्हणजे खळग्याचा आकार, टॉर्क म्हणजे पिळायचा जोर. फुलाच्या खळग्यात ॲलन की 'बसते' असं वाटतं. बसत नाही, नुसती अडकते, आणि जोर लावला की पाकळ्या खाऊन टाकते.

चौथा, आत चौकोनी खळगा. रेनोच्या डस्टरसारख्या गाड्यांच्या इंजिनाचा ड्रेन प्लग ८ मिलिमीटरच्या चौकोनाचा असतो. यासाठी वेगळी ड्रेन प्लग की मिळते. काही गाड्यांच्या मागच्या ॲक्सलचा चौकोन मात्र असा असतो की रॅचेटचं चौकोनी टोकच थेट त्यात बसतं. तिथे गोटी काढून ठेवायची आणि रॅचेट तसाच खुपसायचा. अट एकच: माप तंतोतंत हवं. रॅचेटची टोकं इंचात असतात. तीन-अष्टमांश इंच म्हणजे ९.५ मिलिमीटर, अर्धा इंच म्हणजे १२.७. खळगा १० मिलिमीटरचा असेल तर तीन-अष्टमांशचं टोक त्यात हलणार, आणि हलतंय म्हणजे कोपरे खाणार.

'जवळपास' माप हा शत्रू

आपल्याकडे जुगाडाचं फार कौतुक. पण पान्यात जुगाड चालत नाही. एका उदाहरणातून बघा. ९/१६ इंचाचा पाना १४ मिलिमीटरच्या नटावर आरामात बसतो. कारण ९/१६ इंच म्हणजे १४.२९ मिलिमीटर. फरक फक्त ०.२९ चा, म्हणजे साधारण तीन कागदांच्या जाडीएवढा. तेवढ्या फटीमुळे पान्याचा जोर नटाच्या सपाट बाजूवर न पडता कोपऱ्यावर पडतो. नट मोकळा असेल तर निभावतं. नट दोन वर्षं चिखलात बसलेला असेल तर कोपरा गळतो. याउलट पाऊण इंच म्हणजे १९.०५, त्यामुळे तो १९ च्या नटावर बिनधास्त चालतो. म्हणजे 'इंची पाना वाईट' असं नाही. 'सैल पाना वाईट'.

डोक्याचं माप घ्यायला कॉलेजच्या वर्कशॉपमधला व्हर्नियर कॅलिपर कामाला येतो. पहिल्या वर्षी जर्नल भरण्यापुरता वापरला होतात ना? तोच. दोन समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर मोजा. ते तुमच्या पान्याचं माप. १६.८ किंवा १६.९ आलं तर तो १७ चा नट, झिजलेला नाही. १६.३ आलं तर कोणीतरी आधीच त्याची वाट लावलेली आहे. नवीन प्लग घेऊनच कामाला बसा.

गोटी, रिंग, फिक्स... कोण बरा?

मापाएवढंच महत्त्व पाना नटाला कुठे-कुठे धरतो याला आहे.

फिक्स पाना, म्हणजे दोन जबड्यांचा उघडा, नटाला फक्त दोन बाजूंनी धरतो. वर्षानुवर्षं बसलेला ड्रेन प्लग 'फोडायला', म्हणजे पहिल्यांदा सैल करायला, हा नकोच. सैल झाल्यावर भराभर फिरवायला ठीक.

रिंग पाना चारी बाजूंनी वेढतो. त्यामुळे बरा. पण आपल्याकडे मिळणारे बहुतेक रिंग पाने बारा कोनी असतात. बारा कोनी पाना कमी जागेत फिरवायला सोपा, पण त्याची पकड कोपऱ्यांच्या जवळ असते.

सगळ्यात भारी सहा कोनी गोटी. ती नटाच्या सहाही सपाट बाजूंना भिडते. नट थोडा झिजलेला असला तरी हीच वाचवते. दुकानदाराकडे मागताना 'सहा कोनी द्या' असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो सवयीने बारा कोनी काढून देईल. गोटी पूर्ण खोल बसायला हवी. काही नटांची डोकी इतकी पातळ असतात की गोटीच्या तोंडाची उतरती कड जास्त जागा खाते आणि गोटी वरच्यावर धरते. अशा वेळी फार उतार नसलेली गोटी शोधा आणि फिरवताना ती हाताने नटावर दाबून ठेवा.

गल्लीतला बाइक मेकॅनिक मात्र टी पाना वापरतो. त्यात दम आहे. हँडल दोन्हीकडे असल्यामुळे जोर सरळ बसतो, पाना एका बाजूला कलत नाही. तोटा एवढाच की हात आखूड, म्हणून फारच घट्ट नटाला कमी पडतो.

स्क्रू पाना? शेजारच्या रूममध्ये परत ठेवून या. पाइप पाना आणि पकड? ती नळवाल्याची हत्यारं. ड्रेन प्लगवर त्यांचे दात उमटले की दुकानात कोणीही ओळखतं, हा 'व्हिडिओवाला' आला.

ॲलन कीचंही एक पथ्य आहे. खळग्यात साचलेली माती आधी टोचणीने उकरून काढा. की तळापर्यंत गेली पाहिजे. गोल टोकाची ॲलन की तिरकी फिरवायला मस्त, पण नट फोडायला तिचं सरळ टोकच वापरा. टोकं झिजून गोल झाली असतील तर ती की फेकून द्या; खळगा बिघडवण्यापेक्षा नवी की कितीतरी स्वस्त.

कुठल्या दिशेला?

हसू नका, इथे भलेभले चुकतात. नट डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरवला की सैल होतो. पण ही दिशा नटाच्या डोक्याकडे तोंड करून बघताना. तुम्ही बाइकवर वाकून, वरून खाली बघत असाल, तर नटाचं डोकं तुमच्यापासून पलीकडे, जमिनीकडे असतं. मग तीच दिशा उलटी दिसते. 'सैल होत नाही' म्हणून आणखी जोर लावायचा, आणि खरं तर आपण तो घट्टच करत असायचो! म्हणून पाना बसवल्यावर एक क्षण थांबा, नटाच्या डोक्यासमोर आपलं डोकं आहे अशी कल्पना करा, मग दिशा ठरवा.

जोर लावताना पाना मुठीत आवळून पुढे ढकलू नका. नट अचानक सुटला की बोटांची सालं चेसिसवर निघतात. शक्यतो पाना स्वतःकडे ओढा. ढकलायचाच असेल तर उघड्या तळव्याने ढकला.

गरम की गार?

मधलं. इंजिन पाचेक मिनिटं चालवा, बंद करा, मग दहा-पंधरा मिनिटं थांबा. कोमट ऑइल पातळ असतं, गाळ घेऊन बाहेर येतं. शिवाय ॲल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. इंजिनाचं आवरण ॲल्युमिनियमचं आणि नट स्टीलचा, म्हणून थोड्या गरम इंजिनात नटाची पकड किंचित सैल होते. अकरावीचं फिजिक्स असं पार्किंगमध्ये भेटतं. पण लाँग राइडवरून आल्या-आल्या नट काढू नका. उकळतं ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत वाहतं आणि शेजारी सायलेन्सर असतोच.

नट तरीही हलत नसेल तर गंज सोडवणारं स्प्रे ऑइल मारून अर्धा तास थांबा, नटाच्या डोक्यावर हातोडीने सरळ, हलके ठोके द्या, लांब हँडलचा पाना घ्या. जाळ अजिबात नको. तुम्ही ऑइल आणि पेट्रोलच्या शेजारी बसला आहात. आणि कोपरे गोल व्हायला लागले असं वाटलं, तर तिथेच थांबा. अर्धवट गोल झालेला नट मेकॅनिक काढू शकतो. पूर्ण गोल झालेल्या नटाला छिन्नी, वेल्डिंग असले उपचार लागतात.

घट्ट करायची हौस आवरा

जास्त नुकसान काढताना नाही, लावताना होतं. 'ऑइल गळू नये' म्हणून पान्यावर पाइप चढवून नट पिळायचा, हा आपला आवडता खेळ. आता हिशेब करा. अनेक बाइकच्या ड्रेन प्लगसाठी कंपनीचं बुकलेट साधारण २० ते ३० न्यूटन-मीटर टॉर्क सांगतं. २५ धरू. पाना २५ सेंटिमीटर लांब असेल, तर टोकाला लागणारा जोर १०० न्यूटन, म्हणजे साधारण १० किलो. पाण्याने भरलेली एक मध्यम बादली. बस्स! त्यावर पाइप चढवून हँडल ५० सेंटिमीटरचं केलंत, की तेवढ्याच हाताच्या जोरात टॉर्क दुप्पट.

त्या टॉर्कने स्टीलच्या नटाला काही होत नाही. मऊ ॲल्युमिनियममधले आटे मात्र सोलून निघतात. 'आटे गेले' हे दोन शब्द गॅरेजमध्ये ऐकले की समजायचं, आता आतून नवे आटे बसवायचे, नाहीतर मोठ्या मापाचा नट घालायचा, आणि फारच वाईट झालं तर आवरणच बदलायचं. प्लग काही रुपयांचा, पण त्याच्या आट्यांवर अख्खं इंजिन अवलंबून.

म्हणून क्रम असा: नट आधी बोटांनी लावा, निदान तीन-चार फेरे. बोटांनी फिरत नसेल तर तो तिरका बसतोय. काढा, पुन्हा लावा. मग पाना, आणि शेवटी मिळत असेल तर टॉर्क रेंच. मेकॅनिकलच्या मित्राकडे किंवा कॉलेजच्या बाहा टीमकडे तो असतो. चहा पाजून मागा. गळती थांबवायचं काम जोराचं नसून वॉशरचं आहे. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा तो वॉशर दाबला जाऊन जागा घट्ट बंद करतो. दर वेळी नवा घाला.

चुकीचा नट काढू नका

बाइकमध्ये इंजिन आणि गिअरचं ऑइल बहुतेक एकच असतं. स्कूटरमध्ये तसं नाही. मागच्या चाकाजवळ गिअर ऑइलचे वेगळे नट असतात: एक सोडायचा, एक भरायचा. काही इंजिनांत शेजारीच एक मोठं टोपण असतं, त्यामागे जाळी आणि स्प्रिंग. ड्रेन प्लग समजून ते उघडलं की स्प्रिंग उडून तसराळ्यात, आणि कुठला भाग कसा होता ते कोणालाच आठवत नाही. गाडीचं बुकलेट हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्या. ऑइल किती, टॉर्क किती, नट कुठला, सगळं त्यात आहे. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिसिंगच्या अटीही आधी वाचा.

कारखाली शिरणार असाल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. जॅकने उचला, घोडीवर टेकवा, चाकांना अडण लावा, मगच आत जा. घोडी नसेल तर त्या दिवशी कारखाली जायचं नाही.

पहिल्या किटमध्ये काय घ्याल?

• तुमच्या गाडीच्या ड्रेन प्लगच्या मापाची एक सहा कोनी गोटी आणि अर्धा इंची हँडल. शंभर पान्यांचा चकचकीत सेट नको.
• त्याच मापाचा एक रिंग पाना.
• गाडीला लागत असतील तरच ॲलन की किंवा टॉर्क्स बिट.
• दोन-तीन नवे वॉशर आणि एक जादा ड्रेन प्लग.
• पसरट तसराळं, फनेल, चिंध्या, हातमोजे.

खरेदीला मुंबईत नागदेवी स्ट्रीट आहे, पुण्यात नाना पेठ. पान्यावर 'क्रोम व्हॅनेडियम' असं कोरलेलं आहे का बघा. नाशिकच्या सातपूरमध्ये तापारियाचा कारखाना आहे. आपल्याच राज्यातला पाना हातात येतो. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जुनी हत्यारंही मिळतात, पण गोटीच्या आतले कोपरे बोट फिरवून तपासल्याशिवाय घेऊ नका. आणि दुकानदाराने 'किसके लिए चाहिए?' असं मुलींना हमखास विचारलं, तर 'माझ्या गाडीसाठी, १७ ची, सहा कोनी' एवढं उत्तर पुरे. माप माहीत असलेल्या गिऱ्हाइकाला कोणी शेंडी लावत नाही.

निघालेलं काळं ऑइल गटारात किंवा झाडाखाली ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. रिकाम्या डब्यात भरा आणि ज्या गॅरेजमध्ये वापरलेल्या ऑइलचा ड्रम ठेवलेला असतो तिथे देऊन या.

येत्या रविवारी ऑइल बदलू नका. फक्त गाडीखाली टॉर्च मारा, नट शोधा, पुसा, डोक्याचा आकार बघा, माप घ्या आणि फोनमध्ये लिहून ठेवा. वरचं झाकण हाताने उघडतंय का तेही बघून घ्या. पाना आणायला त्याच्या पुढच्या रविवारी जा.